भोळीला इंग्रजीत काय म्हणायचं

आमच्या अकोल्याच्या घराच्या मागे एक खोली आहे. तिच्यात माझ्या माहेरगावची एक मुलगी राहते आणि इथल्या कॉलेजात नर्सिंग शिकते. गाव पातूरकडचं. तिचा बाप माझ्या चुलतभावाचा मुलगा, म्हणून तो मला आत्या म्हणतो आणि ती आजी म्हणते. नातं असलं तरी खोलीचं भाडं मी घेते. तिलाही ते बरं वाटतं, ती मान वर करून राहते.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ती ड्यूटीवरून अर्ध्यातच परत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. अंगावर युनिफॉर्म, पायात बूट तसेच. मी म्हटलं, "बूट काढ." तिने काढले नाहीत. फोन पुढे केला. त्यात एका कागदाचा फोटो होता, वर सरकारी शिक्का आणि खाली सगळं इंग्रजी.

माझी नात तेव्हा सुट्टीत घरी आली होती. ती अमरावतीला एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिने तो कागद वाचला, मग परत वाचला, आणि मुलीला म्हणाली, "बस आधी."

कागद दूरच्या एका राज्याच्या पोलिसांचा होता. तिकडच्या कोण्या म्हाताऱ्या माणसाला फोनवरून धमकावून कोणी लुबाडलं होतं, आणि ते पैसे ज्या खात्यांमधून फिरले त्यात एक खातं या मुलीचं होतं. खातं गोठवलेलं होतं. हे कसं झालं ते लेखी कळवा, असं त्यांचं म्हणणं. उत्तर पटलं नाही तर आरोपी म्हणून तिकडे हजर व्हावं लागेल.

आमच्या गल्लीतल्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, थोडक्यात लिहा, खरं लिहा, इंग्रजीत लिहा, कारण मराठी तिकडे कोणी वाचणार नाही. कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं की साक्षीदार म्हणून नाव आलं तर काही नाही, पण आरोपी म्हणून आलं तर पुढे नर्सची नोंदणी अडकेल. म्हणजे मुलीचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका उत्तरावर येऊन बसलं होतं. आणि ते लिहायचं होतं अशा भाषेत, जी मुलीला जेमतेम येत होती आणि मला अजिबात नाही. मी चौथीपर्यंत शिकले. तेव्हा चौथीपर्यंत इंग्रजी नव्हतं.

खातं तिच्या हातून गेलं कसं, ते सांगते.

त्या वर्षी उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला होता. तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या त्या अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, वाण द्यायचं, ही आपली रीत. आमच्या गावात त्यावर आणखी एक आहे. गावची मुलगी ज्याला दिली तो एका घराचा जावई नसतो, तो गावचा जावई. कोणत्याही दारावरून गेला तरी त्याला आत बोलावतात, बाज टाकतात, पहिला चहा त्याला देतात. आणि त्याला नाही म्हणत नाहीत. माझा नवरा त्या गावचा जावई होता. त्याने या रीतीचा पुरेपूर फायदा घेतला. कोणाच्या झाडाच्या कैऱ्या, कोणाच्या घरची सुपारी, एकदा तर कोणाची बैलजोडी आठ दिवस मागून आणली. सगळ्यांनी हसत दिलं. मी त्याला म्हणायची, तुम्ही जावई आहात की वसुलीवाले.

तर या मुलीच्या गल्लीतला एक जावई त्या धोंड्याला आला. अचलपूरकडचा. मोटरसायकल, पांढरे बूट, बोलायला गोड. त्याच्या सासूच्या घरी पंगत बसली, शेजारच्या बाया वाढायला, ही मुलगीही सुट्टीवर आली होती म्हणून वाढायला. ताट वाढून झालं आणि जावई घास उचलेना. रुसला. हे लग्नात असतं, धोंड्यातही गमतीने करतात. बाया हसायला लागल्या. कोणी म्हणे अंगठी पाहिजे का, कोणी म्हणे गाडीत पेट्रोल टाकून देऊ का. तो म्हणाला, "मले काईच नको. साळीबाईचं बँकेचं कार्ड आठ दिवस द्या. माह्या धंद्याचे पैसे यायचे आहेत, माह्या खात्यात जास्त दिसले का टॅक्सवाले मांगं लागतात."

साळीबाई म्हणजे मेहुणी, ती ही. सख्खी नाही, पण गावच्या जावयाला गावच्या सगळ्या मुली साळ्या. तिचं खातं नवीन होतं, शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं. ताट समोर थंड होत होतं. बाया म्हणत होत्या, "देऊन टाक वं, जावई उपाशी बसला." ती घरी गेली, कार्ड आणलं, त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. कार्डाचा पिन नंबर सांगितला. खात्याला जोडलेलं सिमही दिलं, कारण तिच्याकडे दुसरं होतं. त्याने घास उचलला. सगळ्या हसल्या.

हे तिने आम्हाला सांगितलं तेव्हा नातीने विचारलं, "आणि आठ दिवसांनी?"

"म्या मांगतलं. तो म्हने देतो, देतो. मंग कॉलेज सुरू झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा बाप गावाहून आला. आम्ही समोरच्या खोलीत बसलो. नातीने लॅपटॉप उघडला. बाप खुर्चीच्या टोकावर बसला, जसे दवाखान्यात बसतात. मी दाराजवळ तुरीच्या शेंगा सोलत होते, हात रिकामे ठेवून मला बसता येत नाही.

बापाने आधीच ठरवून आणलं होतं. म्हणाला, "लंबंचवडं कायले लिहितं? पोरगी भोळी हाये, फसली, माफ करा. एवढंच लिहून दे, बाई."

नात म्हणाली, "काका, भोळी म्हणजे कोणता शब्द टाकू?"

"भोळी म्हंजे भोळी. त्याले इंग्रजीत काई असंनच."

"एक नाही. खूप आहेत."

मला वाटलं, असतील दोन-तीन. ती एकेक सांगायला लागली आणि माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. मराठीतही शब्द नाहीत असं नाही. भोळी, भाबडी, साधी, अजाण, बावळी. पण आमच्याकडे जो तोंडात येईल तो फेकून मारतात, निवडत कोणी नाही. इथे ही पोरगी एकेक शब्द उचलून, उलटापालटा करून, नको म्हणून बाजूला ठेवत होती, जशी मी भाजीवाल्याकडे वांगी बघते.

पहिला तिने सांगितला इनोसंट. बाप म्हणाला, हाच टाक, हा मी टीव्हीवर ऐकला आहे.

"काका, हा तान्ह्या लेकरालाही लावतात आणि ज्याने गुन्हा केला नाही त्यालाही. आपण लिहिलं की मी इनोसंट आहे, तर पोलीस म्हणतील, ते ठरवायला आम्ही बसलो आहोत."

मी विचारलं, "दोघांले एकच शब्द? पाळण्यातल्या पोराले अन् कोर्टातून सुटलेल्याले?"

"हो आजी."

मी तिला म्हटलं नाही, पण मला ते फार मोठं वाटलं. कोर्टातून सुटलेला माणूस आमच्या गावात परत आला तरी जन्मभर आरोपीच राहतो. आणि ज्यांनी हा शब्द केला त्यांनी त्याला एकदम पाळण्यात नेऊन निजवलं.

मग नाईव्ह. ज्याला वाटतं सगळं जग आपल्या अंगणासारखं आहे, असं तिने समजावलं. मग गलिबल. ज्याला कोणीही, कधीही, काहीही सांगून फसवू शकतं. मला फरक कळेना. मी म्हटलं, मला माणसं सांग, शब्द नको. ती म्हणाली, "तूच सांग, आजी. तुझ्याकडे माणसं आहेत."

मी विचार केला. माझी थोरली जाऊ दुपारी दारावर येणाऱ्या भांडी उजळवणाऱ्याला घरातलं सगळं पितळ देऊन बसे आणि वर चहा पाजे. पितळ गेलं. पुढच्या वर्षी दुसरा आला, त्यालाही दिलं. वर सांगे, हा त्याच्यासारखा दिसत नव्हता.

"ती गलिबल," नात म्हणाली.

मग माझा धाकटा दीर. पहिल्यांदा मुंबईला गेला तेव्हा स्टेशनवर भेटेल त्या माणसाला रामराम घालत होता आणि कोणी उलट घातला नाही म्हणून दुखावून परत आला. कोणी त्याला फसवलं नाही, एक पैसा गेला नाही.

"तो नाईव्ह."

मी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. माझी जाऊ मरून बरीच वर्षं झाली. दीर आहे, पण आता तो कोणालाच रामराम घालत नाही. दोघांनाही आम्ही एकाच शब्दाने हाक मारत आलो, भोळे, आणि दोघांवर सारखंच हसलो. त्यांना कधी न बघितलेल्या, त्यांची भाषा न जाणणाऱ्या लोकांनी त्यांच्यासाठी वेगवेगळी घरं बांधून ठेवली होती. माणूस इतका बारकाईने बघता येतो, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. मला स्वतःला जन्मात कोणी भोळी म्हटलं नाही. मला तोंडाळ म्हणतात. त्याला इंग्रजीत किती घरं आहेत ते मी विचारलं नाही.

बाप चुळबुळत होता. "मंग गलिबल टाक. फसली, हे तं खरंच हाये."

तोपर्यंत मुलगी भिंतीला टेकून खाली बसली होती, एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली. "ताई, त्याचा अर्थ परत सांगा."

"कोणीही, कधीही फसवू शकतं असा माणूस."

"मंग मले वार्डात कोन उभं करीन? मी सलाईन लावतो, इंजेक्शन देतो. उद्या कोनी म्हनीन हे औषध दे, तं मी देऊन टाकीन, असंच ना?"

नातीने तो शब्द खोडला. मग सिंपल म्हणाली आणि स्वतःच नको म्हणाली, कोणी त्याचा अर्थ मंदबुद्धी असाही घेईल. मग इग्नोरंट, म्हणजे जिला माहीतच नाही. मुलगी म्हणाली, "मले माहीत होतं. कार्ड कोनाले देऊ नये हे बँकेत भिंतीवर लिहेल हाये. मले माहीत होतं अन् म्या देल्लं."

बाप ओरडला, "तू गप बस! सोताच्या तोंडानं कबूल करून राहिली!"

"बाबा, खरं हाये ते."

नातीने मग जावयाचं नाव न घेता एक वाक्य लिहून बघितलं आणि मराठीत वाचून दाखवलं: एका अनोळखी व्यक्तीने माझ्या भोळेपणाचा गैरफायदा घेतला. बापाने मान हलवली. त्याला तेच हवं होतं. तो त्यासाठीच गावाहून आला होता, हे मला तेव्हा कळलं. भोळी हा शब्द त्याला मुलीसाठी नको होता. तो त्याला जावयावर पांघरूण म्हणून हवा होता. पोरगी भोळी म्हटलं की कोणी फसवलं हे विचारायची गरज उरत नाही. पाऊस आला, माणूस भिजला, तसं.

मुलगी म्हणाली, "अनोळखी नव्हता."

"असू दे अनोळखी," बाप म्हणाला. "गावचा जावई हाये तो. त्याची बायको आपल्या गल्लीतली पोरगी हाये, तुह्यासंगं खेळलेली. त्याचं नाव पोलिसाच्या कागदात टाकशीन तं मले गल्लीत तोंड दाखोता येईन का?"

"बाबा, अनोळखी मानसाले म्या कार्ड देल्लं असतं का?"

मी तो प्रश्न ऐकला आणि मला समजायला थोडा वेळ लागला. सगळे शब्द त्या एका नावाला बांधलेले होते. जावयाचं नाव काढलं, तिथे अनोळखी लिहिलं, की पोरगी खरोखरच बावळट ठरत होती, रस्त्यावरच्या कोणालाही कार्ड देणारी. नाव ठेवलं की ती शहाणी राहत होती. ज्याला गावाने ओवाळलं, ज्याला बायांनी वाढलं, ज्याला नाही म्हणायचं नसतं असं तिला जन्मापासून शिकवलं, त्याला तिने दिलं. तिच्या जागी कोणतीही असती तर दिलं असतं. माझ्याकडे मागितलं असतं तर मीही दिलं असतं, शिव्या देत दिलं असतं, पण दिलं असतं. बाप जावयाला वाचवायला निघाला होता आणि त्याची किंमत मुलीच्या अकलेने भरत होता. त्याला ते दिसत नव्हतं. तिला दिसलं. विशीतली पोरगी, आणि आम्हा दोघा जुन्या माणसांच्या आधी तिला दिसलं.

मी त्याला म्हटलं, "माहा नवराबी तुह्या गावचा जावई होता. त्यानं काय काय मांगतलं ते तुले माहीत हाये. पन जे मांगतलं ते चार लोकांत वापरलं. लपवाचं असन ते जावयानं मांगू नाही."

"आत्या, तुले गावात राहाचं नाही. तुले बोलनं सोपं हाये."

ते खरं होतं. मी शेंगांचं सूप परत ओढून घेतलं.

मुलीने नातीला विचारलं, "ताई, असा शब्द नाही का, का मी येडी नाही, मले माहीत होतं, पन असं कधी माह्यावर आलं नव्हतं? आता आलं. आता परत नाही होनार."

नात हळूच म्हणाली, "आहे. इनएक्सपीरियन्स्ड. म्हणजे अजून अनुभव नव्हता."

"हा चांगला हाये."

"पण हा टाकला तर तू स्वतः दिलं, हे कबूल करावं लागेल. बाकीचे शब्द म्हणतात की ही अशीच आहे. हा म्हणतो की तेव्हा ही अशी होती."

मला चौथी शिकलेलीलाही हे कळलं. बाकी शब्द कातडीसारखे होते, निघणार नाहीत. हा सदऱ्यासारखा होता, अंगावरून उतरणारा. तो उतरवायचा हक्क मुलीचा होता. एवढ्याशा शब्दात कोणी इतकी जागा ठेवलेली असते, की माणूस उद्या वेगळा होईल याची सोय आधीच करून ठेवलेली असते, हे बघून मी खरंच थक्क झाले. मी देवळात गेले तर नमस्कार करते, पण तिथे मला असं कधी वाटलेलं नाही. त्या दिवशी त्या लॅपटॉपकडे बघून वाटलं.

मुलगी म्हणाली, "लिहा. अन् त्याचं नावबी लिहा. गाव, गाडीचा नंबर, सगळं."

बाप उठला. चप्पल घालून ओट्यावर जाऊन उभा राहिला. चहा आत आणला तर आला नाही. मी बाहेर नेऊन दिला, त्याने घेतला, प्यायला नाही, कुंडीत ओतला. मग बसस्टँडकडे निघून गेला. मुलीने खिडकीतून पाहिलं. रडली वगैरे नाही. नातीला म्हणाली, "गावचा जावई हे त्याईले कसं समजीन?"

नातीला तिथे सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याला शब्द नव्हता. शेवटी तिने चार ओळी लिहिल्या की आमच्या भागात गावच्या मुलीशी लग्न केलेल्या माणसाला प्रत्येक घर आपला जावई मानतं, तो जेवायला बसून रुसला तर त्याला हवं ते देण्याची पद्धत आहे, आणि त्याने सगळ्यांसमोर जेवणाच्या ताटावर बसून माझं कार्ड मागितलं. वाचून मला हसू आलं. एवढी इंग्रजी आणि आत आमचं धोंड्याचं ताट. संध्याकाळच्या आत उत्तर पाठवून दिलं.

काही दिवसांनी तिकडच्या अधिकाऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. मुलगी युनिफॉर्म घालून बसली. मी म्हटलं साडी नेस, तर म्हणाली, "नाही आजी, मी जे हावो ते दिसू द्या." अधिकारी तुटकं हिंदी बोलत होता. त्याने सगळं परत विचारलं, तिने सगळं परत सांगितलं, एक शब्द न बदलता. शेवटी त्याने कागदातून डोकं वर काढून विचारलं, "ये दामाद वाला बात... सच है? पूरा गाँव का दामाद?"

"जी सर."

तो हसला. म्हणाला, "हमारे साइड भी ऐसा ही है. मेरा ससुराल जाओ, पूरा स्ट्रीट खिलाता है." मग परत गंभीर झाला आणि म्हणाला की आता तरी गवाह म्हणून नाव घेतो, बोलावलं तर यावं लागेल, खातं चौकशी होईपर्यंत बंद राहील. तिने जी सर म्हटलं. फोन ठेवला आणि मग तिने बूट काढले.

त्यानंतरच्या रविवारी ती गावाला निघाली. बाप फोन उचलत नव्हता. मी म्हटलं मीही येते, माहेर आहे माझं. पातूरची बस पकडली, पुढे ऑटो. गल्लीत शिरलो तेव्हा दुपार उतरत होती, बाया कापूस वेचायला गेलेल्या, दारं नुसती लोटलेली. जावयाची सासू मात्र घरी होती; जावयाला तिकडच्या पोलिसांचा फोन येऊन गेला होता आणि ते गल्लीभर झालं होतं. आम्हाला बघून तिने अंगणातूनच सुरू केलं.

"आल्या का इंग्रजी मॅडम! जावयाले जेल दाखोवून आली का? गावच्या जावयाचं नाव घेताना जीभ झडली नाही तुही!"

मुलगी म्हणाली, "नाही झडली, काकू."

"तुह्या बापानं बोलनं सोडलं, आता गाव सोडीन!"

मी मधे काही बोलणार होते, पण मुलीने माझा हात धरला आणि पुढे चालू लागली. घरी बाप बाजेवर पडला होता. उठला, मला आत्या ये म्हणाला, तिला काही म्हणाला नाही. पण तिच्या आईने पाणी आणलं तेव्हा त्याने पहिला पेला मुलीकडे सरकवला. आमच्या घरची माणसं यापेक्षा जास्त बोलत नाहीत.

संध्याकाळी बाया वेचणीहून परतल्या. हातपाय धुण्याच्या आधीच एक आली. डोक्यावरचं फडकं तसंच, त्यात कापसाचे धागे. दाराशी बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "पोरी, माहंबी खातं बंद हाये. सरकारचे पैसे येऊन नाही राहिले. बँकेत गेली तं तो म्हने पोलिसाईनं बंद केलं." तिनेही जावयाला पासबुक आणि कार्ड दिलं होतं. त्याच धोंड्याला. घरी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, लोक येडी म्हणतील म्हणून.

ती बोलत असतानाच दुसरी आली. मग आणखी दोघी. पहिलीला दुसरीचं माहीत नव्हतं. एकाच गल्लीत, भिंतीला भिंत, आणि प्रत्येक बाई इतके दिवस आपापलं बंद खातं घेऊन गप्प बसली होती, कारण प्रत्येकीला वाटत होतं की भोळी फक्त आपणच. बाप बाजेवरून ऐकत होता. तो उठून बसला.

मुलीने नातीला अमरावतीला फोन लावला. "ताई, इथं सगळ्याईचं तेच हाये. सगळ्याईसाठी एकच लिहून टाकू का? तोच शब्द?"

फोनचा आवाज मोठा केलेला होता, मला ऐकू येत होतं. नात म्हणाली, "नको. प्रत्येकीला वेगळं विचार. कोणाला काय माहीत होतं, कोणाला काय सांगितलं. मग बघू."

मुलीने कॉलेजची वही काढली आणि विचारायला बसली. ज्या बायांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलं त्यांना ती विचारत होती, काकू, तुम्हाला माहीत होतं का, काकू, तुम्हाला भीती घातली का, की तुम्ही हसत दिलं. आणि त्या सांगत होत्या. एकीला खरंच काही माहीत नव्हतं, तिला खातं म्हणजे काय तेही नीट ठाऊक नव्हतं. एकीला सगळं कळत होतं, पण वाटा मिळेल म्हणून दिलं, आणि ते तिने मान खाली घालून, पण सांगितलं. मी भिंतीला टेकून बघत राहिले. माझ्या गल्लीतल्या बायांना मी जन्मापासून ओळखते असं मला वाटत होतं.

अंधार पडायच्या थोडं आधी दारात जावयाची सासू उभी राहिली. कोणी ये म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. दुपारच्या शिव्या एव्हाना सगळ्यांच्या कानावर गेल्या होत्या. तिच्या हातात पासबुक होतं.

मुलीने वहीचं पान उलटलं. "बसा काकू. तुमाले माहीत होतं का?"

सासू बसली नाही. "मले ते भोळी-बिळी नको लिहू," ती म्हणाली. "म्या त्याले पोरगी देल्ली. मंग कार्ड काय मोठं होतं?"

फोन चालूच होता. अमरावतीहून नात म्हणाली, "जसं बोलल्या तसं लिही. याला शब्द मला माहीत नाही, शोधावा लागेल."

मुलीने लिहायला घेतलं.